अक्षांश-रेखांशांचा भरवसा : दख्खनच्या आकाशातील मार्गनिर्देशनाचा इतिहास

परभणी जिल्ह्यात विमानतळ नाही. विमानाने जायचे तर जवळचा विमानतळ नांदेडचा, नाहीतर छत्रपती संभाजीनगरचा. जिल्ह्यावरून विमाने मात्र जात असतात. दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानाला खालची पाथरी किंवा गंगाखेड दिसण्याची गरज नसते. ते आपली जागा अक्षांश-रेखांशांवरून ठरवते आणि पुढचा प्रत्येक टप्पा साठवलेल्या आकड्यांवरून गाठते. ते आकडे कोणी मोजले, कशाच्या आधारे मोजले, कोणी तपासले आणि विमानाच्या संगणकात कोणत्या वाटेने पोचले, यावर त्यांचा भरवसा अवलंबून असतो. दख्खनच्या पठारावर या आकड्यांचा इतिहास विमानांच्या कितीतरी आधी सुरू होतो.

पठारावर पहिली शास्त्रशुद्ध मोजणी विल्यम लॅम्बटन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्यांनी त्रिकोणांची साखळी दक्षिणोत्तर न्यायला घेतली. सुमारे ७८व्या रेखावृत्ताला धरून गेलेली ही साखळी परभणीच्या सव्वाशेएक किलोमीटर पूर्वेकडून निजामाच्या मुलखातून उत्तरेकडे सरकली. १८१५ मध्ये बीदरजवळ आणि १८२२ मध्ये एलिचपूरजवळच्या टाकळखेड्याला नव्या आधाररेषा मोजून आधीच्या कामाचा पडताळा घेतला गेला. मोजणीची पोलादी साखळी लाकडी खोक्यांत ठेवत, वर तंबूची सावली धरत आणि शेजारी उष्णतामापक लावत; उन्हाने साखळी किती वाढली ते हिशेबात धरत. मोजलेला आकडा तसाच न स्वीकारता त्यातली चूक किती हेही मोजायचे, ही शिस्त या मुलखात तेव्हापासूनची आहे. १८२३ मध्ये लॅम्बटन हिंगणघाटला वारले आणि काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले.

एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये पृथ्वीच्या आकाराचे जे गणित मांडले, त्यात विषुववृत्तीय त्रिज्या सुमारे ६,३७७.२७६ किलोमीटर धरली होती. आजचा स्वीकृत आकडा ६,३७८.१३७ किलोमीटर आहे. म्हणजे फरक पाऊण किलोमीटरहून जास्त. भारतापुरते एव्हरेस्ट यांचे गणित उत्तम जुळत होते, कारण ते भारतातल्याच मोजणीवर बेतलेले होते; मात्र त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्याशी जुळत नव्हता. नकाशे एकमेकांशी जुळत होते तोवर याची कुणाला अडचण झाली नाही. ती पुढे उपग्रहांनी उभी केली.

विमाने आली तेव्हा वैमानिकाला या आकड्यांचा फारसा उपयोग नव्हता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ विमानातून कराचीची टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणली आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ती पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेली. त्या विमानात रेडिओ नव्हता. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि डोळे एवढ्यावर काम भागे. जुहूची मोकळी जागा पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि मग सेवा पुण्याला येरवड्याच्या माळावर हलवावी लागे. जमिनीवरच्या खुणा हाच तेव्हाचा आधार, आणि त्यातही रेल्वेमार्ग सर्वांत खात्रीचा. या दृष्टीने परभणीचा मुलूख सोयीचा होता. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग, गोदावरीचे पात्र आणि पूर्णा-गोदावरीचा संगम या खुणा वरून चुकणे कठीण. निजामाच्या राज्यात १९४६ मध्ये डेक्कन एअरवेजची विमाने उडू लागली, तेव्हाही निरभ्र दिवशी अशा खुणांना मोल होते. अडचण आषाढ-श्रावणात येई. ढग खाली उतरले की नदीही जाई आणि रूळही.

रात्रीच्या उड्डाणांनी डोळ्यांवरची भिस्त संपवली. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला जमत आणि टपालाची अदलाबदल करून परत फिरत. मार्गदर्शन होते ते जमिनीवरच्या रेडिओ बीकनचे. कॉकपिटातला काटा बीकनच्या दिशेकडे वळे. पण जवळपास विजा चमकत असल्या की तोच काटा वादळाकडेही वळे, आणि सूर्यास्ताच्या सुमारास वातावरणाच्या वरच्या थरातून परतणाऱ्या लहरींनी तो डळमळे. त्यानंतर आलेल्या, विमानाला दिशेचा कोन सांगणाऱ्या व्हीओआर रेडिओ केंद्रांनी हा दोष बराच घालवला. तरी कोनाच्या मोजमापाची एक मर्यादा राहिलीच : कोनात एक अंशाची चूक असेल तर केंद्रापासून ११० किलोमीटरवर ती जवळजवळ दोन किलोमीटरची होते. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), नागपूर, हैदराबाद ही केंद्रे एकमेकांपासून दूर, आणि परभणीचा टापू त्यांच्या मधला.

जेट विमाने आली आणि चुकीची किंमत एकदम वाढली. आधीचे डाकोटा विमान मिनिटाला चार-साडेचार किलोमीटर जाई. जेट चौदा-पंधरा किलोमीटर जाते. म्हणजे हिशेबात पाच मिनिटांची गफलत झाली तर जागा सत्तर किलोमीटरने चुकते. मुंबईच्या पूर्वेला हे सत्तर किलोमीटर म्हणजे सह्याद्री ओलांडला की नाही, एवढा फरक.

७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांतच नेमके हेच घडले. अलिटालियाचे डीसी-८ विमान सिडनीहून निघून डार्विन, बँकॉक करत मुंबईकडे येत होते. पुढे ते कराची, तेहरानमार्गे रोमला जाणार होते. बँकॉकहून मुंबईला ओढलेली सरळ रेषा बंगालचा उपसागर ओलांडून दख्खनच्या पठारावर येते आणि परभणी जिल्ह्याच्या थोडी दक्षिणेकडून, लातूर-बीडच्या पट्ट्यावरून पश्चिमेला जाते. या शेकडो किलोमीटरच्या पठारी प्रवासात वैमानिकाने आपली जागा मुंबईच्या खूप जवळ धरली. आपण घाट उतरून आलो आहोत अशा समजुतीने विमान पावसाळी अंधारात खाली आले आणि मुंबईपासून सुमारे ८४ किलोमीटर अलीकडे, जुन्नरजवळच्या डोंगरावर माथ्यापाशी आदळले. विमानातले ९४ जण मरण पावले. कोणी वाचले नाही.

चौकशीचा निष्कर्ष मार्गनिर्देशनातल्या चुकीवर बोट ठेवतो : गंतव्य जवळ आल्याचा चुकीचा समज, त्यातून वेळेआधी उतरण. त्याच्या जोडीला तीन गोष्टी नोंदवल्या गेल्या. जागा पडताळायला उपलब्ध असलेली मार्गदर्शक साधने वापरली गेली नाहीत, ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली गेली नाही, आणि वैमानिकाला या मार्गावरच्या भूप्रदेशाची माहिती नव्हती. डोंगराची उंची नकाशावर होती. किमान उंचीचा नियम त्या नकाशावरूनच बेतलेला होता. माहिती खरी होती, छापलेली होती, विमानाच्या आवाक्यात होती. ती आणि विमानाची जागा यांची गाठ घातली गेली नाही. माहितीच्या विश्वासार्हतेचा विचार करताना हा अपघात मुळाशी ठेवायला हवा. महाराष्ट्राच्या भूमीवरची ही मोठी दुर्घटना जुन्नर परिसराबाहेर फारशी कुणाच्या स्मरणात नाही, हे खरोखर खेदाचे आहे.

जागा ओळखण्यातल्या चुका मुंबईतही झाल्या, सुदैवाने कमी किमतीच्या. जुहू आणि सांताक्रूझ हे दोन विमानतळ शेजारी शेजारी. जुलै १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली, ते धावपट्टीबाहेर गेले आणि कायमचे निकामी झाले. जीवितहानी झाली नाही. या दोन घटनांच्या मध्ये, २४ जानेवारी १९६६ रोजी, मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरताना माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण गेले. विमानातला एक व्हीओआर रिसीव्हर बिघडलेला होता. रडारवरून नियंत्रकाने विमानाची जागा सांगितली. पण पर्वत मागे पडला आहे, असा अर्थ वैमानिकाने घेतला. इथे आकडा बरोबर होता आणि तो तोंडी पोचताना बदलला.

१९७१ मध्ये एअर इंडियाची जंबो जेट आली तोवर इनर्शियल मार्गनिर्देशनाचे युग सुरू झाले होते. यंत्र स्वतःच्या हालचाली मोजून जागा काढते. त्याला बाहेरचा बीकन लागत नाही. लागतात फक्त सुरुवातीच्या आणि वाटेतल्या बिंदूंचे अक्षांश-रेखांश, आणि ते वैमानिक बोटांनी भरत. चूक होण्याचे ठिकाण आता काट्यावरून कळफलकावर आले. १९७९ मध्ये एअर न्यूझीलंडचे विमान अंटार्क्टिकात माउंट एरेबसवर आदळून २५७ जण मेले, ती कथा याच प्रकारची. कंपनीच्या संगणकात एका बिंदूचे रेखांश १६६ अंशांऐवजी १६४ अंश भरले गेले होते. वर्षभराहून अधिक काळ विमाने त्या चुकीच्या पण मोकळ्या समुद्रावरच्या मार्गाने सुखरूप गेली. उड्डाणाच्या आदल्या रात्री आकडा दुरुस्त झाला आणि तो वैमानिकांना सांगितला गेला नाही. बरोबर आकड्याने विमान थेट पर्वताकडे नेले. माहितीतली दुरुस्ती ही चुकीइतकीच धोक्याची ठरू शकते, हे जगाला तिथे कळले.

भारतात संपूर्ण डिजिटल कॉकपिट आले ते १९८९ मध्ये, इंडियन एअरलाइन्सच्या एअरबस ए-३२० विमानांसह. या विमानांच्या संगणकात हवाईमार्ग, बिंदू, बीकन, धावपट्ट्या आणि उतरण्याच्या पद्धती यांचा साठा असतो आणि तो दर २८ दिवसांनी बदलतो. जगभर हा बदल ठरलेल्या गुरुवारी एकाच वेळी लागू होतो. जुना आणि येणारा असे दोन संच संगणकात शेजारी राहतात आणि ठरल्या दिवशी नवा चालू करतात. सुरुवातीच्या काळात अभियंते हा साठा फ्लॉपी डिस्कवरून भरत. एकामागून एक डिस्क घालत विमानाशेजारी बसावे लागे. माहितीचा उगम सरकारी. भारतात विमानतळ प्राधिकरण ती प्रसिद्ध करते, जेप्पेसन किंवा लुफ्तान्सा सिस्टिम्ससारख्या संस्था ती एका ठराविक साच्यात उतरवतात, आणि मग प्रत्येक विमानप्रकारासाठी तिचे वेगळे पॅकिंग होते.

तो साचा पाहण्यासारखा आहे. एका बिंदूची नोंद म्हणजे १३२ जागांची एक ओळ. तिच्यात अक्षांशासाठी एक दिशादर्शक अक्षर आणि आठ आकडे, रेखांशासाठी एक अक्षर आणि नऊ आकडे : अंश, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचे शतांश, मध्ये कुठेही टिंब नाही की चिन्ह नाही. परभणी शहराची ढोबळ जागा या पद्धतीने लिहिली तर उत्तरेचे १९१६०००० आणि पूर्वेचे ०७६४७०००० असे आकडे होतात. अक्षांशाचा शेवटचा आकडा एकाने चुकला तर जागा तीस सेंटीमीटरने सरकते. त्याची कुणाला पर्वा नाही. चौथा आकडा एकाने चुकला, म्हणजे १६ चे १७ झाले, तर पावणेदोन किलोमीटरहून जास्त सरकते. दुसरा चुकला, १९ चे १८ झाले, तर जागा १११ किलोमीटर दक्षिणेला जाते आणि परभणी लातूर जिल्ह्यात जाऊन पडते. ओळीकडे पाहून या तीन चुकांत काही फरक दिसत नाही. मोठी चूक निदान अंतर आणि दिशा तपासताना पकडली जाते. मधली, दोन किलोमीटरची, सर्वांत घातक, कारण ती पटण्यासारखी असते.

आकडे बरोबर असूनही चुकीचा बिंदू निवडला जाऊ शकतो. डिसेंबर १९९५ मध्ये कोलंबियात काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ डोंगरावर आदळून १५९ जण मेले. वैमानिकांना ‘रोझो’ नावाचा बीकन हवा होता. नकाशावर त्याची खूण एका अक्षराची होती. संगणकात तेच अक्षर टंकल्यावर पहिला आला तो बोगोटाजवळचा दुसराच बीकन, आणि विमान निमूटपणे तिकडे वळले. छापील नकाशा आणि डिजिटल साठा यांतली विसंगती इतकी उघडपणे पूर्वी कुठे दिसली नव्हती.

त्यानंतर माहितीच्या प्रवासाला कडक नियम लागले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने आकड्यांचे तीन वर्ग केले. धावपट्टीच्या टोकासारख्या अतिमहत्त्वाच्या आकड्यात बिघाड शिरण्याची शक्यता दहा कोटींत एकाहून अधिक असता कामा नये. सामान्य माहितीला हजारात एकाची सवलत. प्रत्येक संचाला गणिती शिक्का लावतात. वाटेत एक जरी आकडा बदलला तरी शिक्का जुळत नाही आणि यंत्र तो संच नाकारते. मात्र मुळात चुकीचा मोजलेला किंवा चुकीचा लिहिलेला आकडा हा शिक्का इमानाने तसाच पोचवतो. म्हणून मोजणीच्या आणि नोंदीच्या टप्प्यावर माणसाने डोळ्यांत तेल घालून तपासण्याला पर्याय निघालेला नाही.

याच काळात एव्हरेस्ट यांच्या गणिताचा प्रश्न पुढे आला. १ जानेवारी १९९८ पासून नागरी विमानवाहतुकीत सर्व अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-८४ या पृथ्वीकेंद्री पद्धतीत द्यावेत, असे जगाने ठरवले, कारण जीपीएस त्याच पद्धतीत बोलते. भारतीय नकाशे एव्हरेस्ट यांच्या पायावर होते. मराठवाड्याच्या पट्ट्यात या दोन पद्धतींतला फरक ढोबळमानाने शंभर ते दीडशे मीटर भरतो. जुनी मोजणी आणि नवी मोजणी यांच्या नकाशात बांध जसा सरकलेला दिसतो, तसाच हा प्रकार. जमीन तिथेच, आकडे वेगळे. उंचावरून जाणाऱ्या विमानाला दीडशे मीटर काहीच नाहीत. पंचेचाळीस मीटर रुंदीची धावपट्टी शोधणाऱ्या विमानाला मात्र तो फरक धावपट्टी आणि शेजारचे शेत यांच्यातला आहे. त्यामुळे विमानतळांची जागेवर जाऊन फेरमोजणी करावी लागली. केवळ सूत्राने आकडे बदलून भागणारे नव्हते.

जीपीएस नागरी वापराला खुले करण्याची घोषणा १९८३ मध्ये झाली होती, तीही एका भरकटलेल्या विमानामुळे. कोरियन एअरलाइन्सचे विमान सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले; २६९ जण मेले. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतातली मुद्दाम ठेवलेली अचूकतेची घट काढून टाकली. भारतापुढे तरीही एक स्वतःची अडचण होती. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकावरून जाते आणि त्याच्या उत्तरेला, मध्य भारताच्या वर, आयनांबरातल्या विद्युत्भारित कणांची दाटी होते. उपग्रहाचा संकेत त्यातून येताना रेंगाळतो, सूर्यास्तानंतर लुकलुकतो. महाराष्ट्र या दोन पट्ट्यांच्या मधे. पाश्चात्त्य देशांची गणिते इथे चालली नाहीत. इस्रोने स्वतःचे प्रारूप तयार केले. त्यावर उभी राहिली ती इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांची ‘गगन’ यंत्रणा. देशभरच्या १५ संदर्भ केंद्रांत नागपूर आणि गोवा आहेत. ही केंद्रे आपली नेमकी मोजलेली जागा आणि उपग्रहाने सांगितलेली जागा यांतला फरक सतत काढतात आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहावरून विमानांना पोचते. ‘गगन’चे खरे काम त्याहून मोठे आहे : संकेत भरवशाचा राहिला नाही तर काही सेकंदांत तसे सांगणे. डिसेंबर २०१३ मध्ये मार्गावरील उड्डाणासाठी आणि एप्रिल २०१५ मध्ये उभ्या मार्गदर्शनासह उतरण्यासाठी तिला प्रमाणपत्र मिळाले. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगढला इंडिगोचे एटीआर विमान ‘गगन’च्या आधारे उतरले. महागडी उपकरणे नसलेल्या लहान विमानतळांना यात मोठा लाभ आहे. नांदेडला २००८ मध्ये गुरु-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने विमानतळाचे रूप पालटले; मराठवाड्यातल्या अशा धावपट्ट्यांसाठी हे तंत्र अगदी योग्य आहे.

परभणीत डिजिटल मार्गनिर्देशन जमिनीच्या जवळ आले ते ड्रोनमुळे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात यंत्रमानव आणि ड्रोनवर आधारित डिजिटल शेतीचे केंद्र उभे राहिले. २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाचा आकाशनकाशा हिरवा, पिवळा आणि लाल असा विभागला. हिरव्या पट्ट्यात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. फवारणीचा ड्रोन पिकाच्या दोन-तीन मीटर वरून जातो. साध्या जीपीएसमधली काही मीटरची चूक म्हणजे औषध शेजाऱ्याच्या तुरीवर. विमानासाठी घडवलेली अचूकतेची सारी चर्चा इथे वावराच्या धुऱ्यावर येते.

उपग्रहाच्या संकेतांवर अलीकडे नवे संकट आले आहे. खोटे संकेत सोडून विमानाला चुकीची जागा दाखवली जाते. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये यावर परिपत्रक काढले. त्यानंतर फेब्रुवारी २०२५ पर्यंत सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे लोकसभेत सांगण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या विमानतळाजवळही हा प्रकार घडला आणि अशी घटना दहा मिनिटांत कळवण्याचा आदेश निघाला. अशा वेळी वैमानिक उपग्रहाची माहिती बाजूला ठेवतो, इनर्शियल यंत्र आणि जमिनीवरच्या केंद्रांशी जागा ताडून पाहतो. त्यासाठी जुन्या व्हीओआर केंद्रांचे किमान जाळे मोडीत न काढता चालू ठेवले आहे.